रविवारचा वर्ग

मानवतमधील आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात २०१७ च्या वर्षावासापासून दर रविवारी सकाळी मुलांचा एक वर्ग भरतो. 'दर रविवारी' म्हणणे थोडे धाडसाचे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तो निम्मा रिकामा असतो, परीक्षांच्या काळात बंद असतो आणि टाळेबंदीत तर जवळजवळ मोडलाच होता. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले की मोठी माणसे उठून जातात. सतरंजीवर पंधरा-वीस मुले उरतात आणि मागे भिंतीला टेकून तीन-चार म्हाताऱ्या बसून राहतात. म्हाताऱ्यांना वर्गाशी काही कर्तव्य नसते. त्यांना घरी जाण्याची घाई नसते, एवढेच. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. विहार समितीतील कोणी तरी सुचवले, मॅडम मराठीच्या आहेत, त्यांनी लेकरांना आपला इतिहास सांगावा. मराठीच्या प्राध्यापकाला इतिहास येतो हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे आणि तो मोडावा असे मलाही वाटले नाही.

पहिल्या काही रविवारी लक्षात आले की मुलांना बरेच माहीत आहे. महाड, नाशिक, पुणे करार, १४ ऑक्टोबर १९५६, बावीस प्रतिज्ञा हे सारे त्यांना तोंडपाठ होते. आणि ते पाठ्यपुस्तकातून नव्हे, गाण्यांतून आलेले होते. माझ्या आजीलाही ते गाण्यांतूनच आले होते. तिला अक्षर येत नव्हते, पण वामनदादा कर्डकांची किती तरी गाणी येत होती, आणि कोणत्या गाण्यानंतर कोणता प्रसंग सांगायचा हेही तिच्या मनात पक्के होते. आजच्या मुलांची गाणी एप्रिल महिन्यात मोठाल्या ध्वनिक्षेपकांवर वाजतात, त्यांवर मुले नाचतात. या नाचण्यावर नाक मुरडणाऱ्या सुशिक्षितांत मी नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावाच्या रस्त्यावरून सावली सांभाळत चालावे लागले, त्यांनी रस्त्याच्या मधोमध नाचावे, यात मला गैर दिसत नाही. अडचण वेगळी आहे. मुलांच्या इतिहासात बाबासाहेब आहेत आणि मुले स्वतः आहेत. मध्ये कोणीच नाही. ६ डिसेंबर १९५६ नंतर एकदम मोबाइल येतो. आपला आजोबा या इतिहासात कुठे होता, त्याने देव कोणत्या नदीला सोडले, गावकीची कामे कोणत्या साली बंद केली आणि त्याची काय किंमत मोजली, हे एकाही मुलाला सांगता आले नाही. घरात कोणी सांगितलेच नव्हते.

या मधल्या रिकाम्या जागेकडे जाण्यासाठी मी अमेरिकेचा रस्ता धरला. तो वाकडा वाटेल, पण मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले तेव्हा ते अर्पण केले अमेरिकेतील जनतेला. काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. आमच्या एम.ए.च्या वर्गात हा मुद्दा 'दलित साहित्याच्या प्रेरणा' या प्रकरणात येतो. तिथेच म. ना. वानखेडे येतात, जे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील काळ्या लेखकांविषयी मराठीत लिहू लागले. पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' येते. जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ येतो. ऑकलंडमध्ये १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर येते. विद्यार्थी यावर पाच गुणांची टीप लिहितात आणि आपण ती तपासतो. 'प्रभाव' या एका शब्दाने आपण साहित्याच्या अध्यापकांनी या साऱ्या प्रकरणाचा जीव घेतला आहे, असे माझे मत होत चालले आहे. कोणाचा कोणावर प्रभाव पडला याची चर्चा आपण करतो. एका माणसाचे दुःख वाचून दुसऱ्याला आपले दुःख सांगण्याची हिंमत कशी येते, याची करत नाही.

विहारात टीप लिहायची नव्हती, म्हणून मी गोष्ट सांगितली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ते विद्यापीठ न्यूयॉर्कच्या ज्या भागात आहे त्याला लागूनच हार्लेम आहे, काळ्यांची वस्ती. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या काळ्या विद्वानाला पत्र पाठवले. काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज होत असल्याचे त्यांनी वाचले होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डु बॉइस यांनी उत्तरही दिले. मुलांना यात विशेष वाटले नाही. बाबासाहेब कोणालाही पत्र लिहू शकतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. पण एका दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "मॅडम, त्यायच्याकडं विहार होता का?"

या प्रश्नाने वर्गाचा रस्ता बदलला. त्यांच्याकडे चर्च होते, मी म्हणाले, आणि मग चर्चविषयी पुष्कळ सांगावे लागले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये वेगळे बसवले जाते म्हणून काही काळी माणसे उठून बाहेर पडली आणि रिचर्ड ॲलन यांनी १७९४ साली फिलाडेल्फियात स्वतःचे चर्च उभारले. त्याचे नाव बेथेल. आमच्या मानवत रोड स्टेशनवरून रेल्वेने जालन्याला जाता येते, त्या जालन्याजवळही एक बेथेल आहे. नारायण शेषाद्री या ख्रिस्ती झालेल्या देशस्थ ब्राह्मणाने एकोणिसाव्या शतकात ते वसवले आणि तिथे मुख्यतः मांग समाजातील माणसे आली. दोन्ही नावे बायबलातून आलेली, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. तरी मुलांनी नकाशावर बोट ठेवून ती शोधली.

अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी गुलामाला वाचायला शिकवणे कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम असताना चोरून अक्षरे शिकला आणि पुढे रविवारी इतर गुलामांना लपून शिकवू लागला. एका वेळी चाळीसहून अधिक माणसे त्या वर्गाला येत. आमच्या वर्गात पंधरा येतात, तेही आई ओरडली म्हणून, असे एका मुलीने लगेच नोंदवले. (आपल्याकडे रविवारची सुटी कशी मिळाली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी ती १८९० साली गिरणी कामगारांसाठी कशी मिळवली, हेही ओघात सांगून झाले. मुलांना सुटीच्या इतिहासात फार रस असतो.)

मग मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. 'ज्ञानोदय' हे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांचे पत्र. म्हणजे अमेरिकन माणसे इथे एका अस्पृश्य मुलीचे लिखाण छापत होती, त्याच वर्षी त्यांच्याच देशाच्या दक्षिणेत तिच्या वयाच्या काळ्या मुलीच्या हातात पुस्तक देणे अपराध होता. एम.ए.च्या वर्गात मी मुक्ता साळवे अनेकदा शिकवली आहे, पण ही दोन साले एकमेकांशेजारी फळ्यावर कधी लिहिली नव्हती. सतरंजीवरची मुले पाहताना आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. मुक्ताविषयी ऐकणाऱ्या या वर्गात मांगवाड्यातील एकही मूल नव्हते. मांगवाडा विहारापासून हाकेच्या अंतरावर आहे. हा विषय मी समितीपुढे काढला तेव्हा "त्यांनी यावं की, कोण अडवतंय" असे उत्तर मिळाले. हे उत्तर आपण सर्वांनी आयुष्यात कोणा ना कोणाच्या तोंडून स्वतःविषयी ऐकलेले आहे. आता दोन मुली येतात. त्या दोघींसाठी गाण्यांच्या यादीत अण्णा भाऊ साठे आले, इतकाच बदल झाला आहे, आणि तो पुरेसा नाही.

कार्टर वुडसनविषयी मी थोडे अधिक सांगितले, कारण हा माणूस आमच्या वर्गाचा खरा पूर्वज. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. लहानपणी शेतात, मग कोळशाच्या खाणीत काम. माध्यमिक शाळेत गेला तो विशीच्या सुमारास. १९१२ साली त्याने हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. आमच्या लोकांना इतिहासच नाही, असे जिथे शिकवले जाते तिथे त्या लोकांचे जगणेही उद्या धोक्यात येते, या भावनेने त्याने १९२६ च्या फेब्रुवारीत काळ्यांच्या इतिहासाचा एक आठवडा पाळायला सुरुवात केली. आठवडा निवडला तो लिंकन आणि डग्लस यांच्या जयंत्यांचा. कारण चर्चमधून आणि शाळांतून त्या जयंत्या लोक आधीपासून साजऱ्या करीत होतेच. १९७६ पासून आठवड्याचा महिना झाला. जयंतीवरून वर्गाकडे जाण्याची ही युक्ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे. पण मला वुडसनची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. खाणीत काम करीत असताना एका निरक्षर सहकाऱ्याच्या घरी संध्याकाळी खाणकामगार जमत. तो यादवी युद्धात लढलेला माणूस. पोरगा वुडसन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्या बदल्यात ती माणसे युद्धाच्या, गुलामीच्या आठवणी सांगत. हार्वर्डच्या आधीचे त्याचे शिक्षण हे असे झाले. मी हे सांगत असताना साहजिकच माझी नजर मागच्या भिंतीकडे गेली. म्हाताऱ्यांपैकी एकीला डुलकी लागली होती.

म्हाताऱ्यांना बोलते करायचे ठरवले आणि तिथे अडले. देव सोडल्याची गोष्ट त्या आनंदाने सांगतात. टोपलीत मरीआई, म्हसोबा भरून दुधनेला सोडले, सासू रडत होती, सासरा म्हणाला आता मागे वळून बघायचं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. १९७८ म्हटले की त्या पदर सारखा करतात.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ४ ऑगस्टला ठार मारण्यात आले. पुढची सोळा वर्षे हा लढा चालला. नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी १९९३ साली आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हे सारे मी पुस्तकातून सांगू शकते. माझा जन्म त्यानंतरचा. पण माझ्या वडिलांचे वय तेव्हा तेवीस होते. ते ज्या खेड्यात राहत ते मानवतपासून फार लांब नाही. पुढे ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले, आयुष्यभर गावोगावच्या मुलांना त्यांनी शिवाजी महाराज शिकवले, शिंदे-होळकर शिकवले. माझी पदवी ज्या वर्षी आली त्या दिवशी प्रमाणपत्रावरचे विद्यापीठाचे पूर्ण नाव त्यांनी बोटाने वाचले आणि कागद परत पाकिटात घातला. १९७८ विषयी मी त्यांना दोनदा विचारले आहे. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पाऊस होता."

असे मौन जगात इतरत्रही आढळते. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून दोन हजारांहून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. ती माणसे तेव्हा ऐंशी-नव्वदीची होती. मुलाखत घेणारे पुष्कळदा गोरे, कधी कधी त्याच गावचे. मग म्हातारे सांगत, मालक चांगला होता, पोटाला मिळायचे. अभ्यासक त्या कागदांकडे आजही सावधपणे पाहतात. माणूस कोणापुढे बोलतो आहे यावर तो काय आठवतो हे ठरते. आणि आपल्याच नातवापुढे बोलणे परक्यापुढे बोलण्याहून सोपे असेलच असे नाही.

दरम्यान पालकांचा विरोध सुरू झाला, आणि तो मला मुळीच अनाठायी वाटत नाही. निमित्त बर्मिंगहॅमचे. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामातील त्या शहराच्या सोळाव्या रस्त्यावरील चर्चमध्ये रविवारच्या शाळेची वेळ होती. कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा. मी ही गोष्ट सांगितली. त्या रात्री वर्गातील एका मुलीला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. ती परिचारिका आहे, नवरा बँकेत. "मॅडम, आमच्या लेकरांना हे कशाला? आमच्या आईबापांनी भोगलं ते आमच्यावर संपावं म्हणून तर शिकलो आम्ही. पोरीला स्पर्धा परीक्षेचं काही सांगा, बाबासाहेब किती तास वाचायचे ते सांगा." माझ्या पिढीतील बहुतेक आईबापांचे म्हणणे हेच आहे. त्यांना जखमेचा इतिहास नको, अभिमानाचा हवा आहे. मुलाने जगात ताठ मानेने जावे, कोणाकडे संशयाने पाहू नये, अशी त्यांची इच्छा आहे. आणि ज्या खेड्यात अजून शेजाऱ्यांच्याच शेतात कामाला जावे लागते तिथे ही इच्छा शहाणपणाचीही आहे. मी तिला काही उत्तर दिले नाही. पुढचे काही रविवार आम्ही वाचन केले, कविता पाठ केल्या. मानवतला हे नवे नाही. बाहेरचा माणूस मानवत म्हटले की १९७२ ते १९७४ मधील हत्याकांडेच काढतो, २०२४ मध्ये त्यांवर मालिकाही आली. पण गावात त्या मारल्या गेलेल्या मुलींविषयी कोणी लेकरांपुढे बोलत नाही.

मग डिसेंबर २०२४ आला. १० तारखेला परभणीत रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. परभणी इथून तासाभरावर. कोणत्या गोष्टी लेकरांना सांगाव्यात याची आमची चर्चा त्या आठवड्यात निकालात निघाली, कारण लेकरांनी सारे मोबाइलवर आधीच पाहिले होते. आमच्या आधी, आणि आमच्याशिवाय. त्या रविवारी वर्ग भरवू नये असे समितीचे म्हणणे पडले. मुले आलीच. परिचारिका बाई मुलीला घेऊन स्वतः आल्या आणि मागे बसल्या.

मी काही ठरवून गेले नव्हते. बोलल्या त्या भिंतीच्या कडेच्या आजी, ज्यांना आम्ही सगळे डुलकी घेणाऱ्या समजत होतो. "असंच झालं होतं," एवढे म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि तासभर थांबल्या नाहीत. घरावरचे पत्रे कसे वाजले, ज्वारीची कणगी जळताना कसा वास आला, तान्ह्या पोराच्या तोंडावर हात ठेवून त्या कशा चालत राहिल्या, मानवत रोडच्या फलाटावर किती माणसे निजली होती. पत्रकारितेला आणि अहवालांना न सापडणारे तपशील त्यात होते. फलाटावर एका हमालाने सगळ्या लेकरांना चहा पाजला आणि बायका चहा घ्यायला भीत होत्या, हा त्यांतला एक. मुले एकदाही हलली नाहीत. कोणाला रडू आले नाही. उलट त्या आठवड्यात प्रथमच मुले सैल झालेली दिसली. भीतीला वय असते, आणि ती वापरून लोक म्हातारेही होतात, हे त्यांना समोर दिसत होते.

ही बातमी घरी पोहोचायला वेळ लागला नाही. दोन रविवारांनी बाबा वर्गाला आले. शिक्षकाच्या सवयीने वेळेआधी, इस्त्रीचा सदरा घालून. आजींच्या सांगण्यात तारखेची गडबड झाली होती, ती दुरुस्त करायला आलो, असे म्हणाले. मग त्यांनी सांगितले ते सारे ज्यांनी आसरा दिला त्यांच्याविषयी. गावातील एका मराठा कुटुंबाने आमच्या घरची बायकामाणसे रात्रभर कापसाच्या खोलीत दडवली, त्या घरच्या म्हाताऱ्याने दारात खाट टाकली आणि सकाळपर्यंत तो तिच्यावरून उठला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे त्यांनी आम्हांला का सांगितले नाही, याचे मला नवल वाटत राहिले. चांगले सांगायचे तर त्याच्या शेजारचे वाईट उघडे पडते, म्हणून चांगलेही दडपून ठेवले असावे.

आठवीतील एका मुलीने विचारले, "आजोबा, पण जाळलं कोणी?"

"गावानं."

"म्हणजे कोणी?"

बाबा थोडा वेळ थांबले. "त्यांची नातवंडं तुझ्या वर्गात असतील बाई. नाव घेऊन तू काय करशील?"

"मला ठावं हायती नावं," आजी मागून म्हणाल्या. "मी सांगते. त्यायला नको कळाया?"

यावर दोघांचे जे झाले त्याला भांडणच म्हणावे लागेल. बाबांचे म्हणणे असे की नाव दिले की ती मुले उद्या एका बाकावर बसू शकणार नाहीत. आजींचे म्हणणे असे की ज्यांचे जळले त्यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत, जाळणारे मात्र नुसते 'गाव' आहेत, हा कोणता न्याय. मी मध्ये पडले नाही. मराठीची अध्यापक म्हणून मला दोन्ही वाक्यांचे व्याकरण कळते. एकात कर्ता लपवलेला आहे, दुसऱ्यात त्याची मागणी आहे. मुलगी म्हणून मला बाबांचे भय कळते. आणि वर्ग चालवणारी म्हणून आजींचे म्हणणे खोडता येत नाही.

आता मुलीच दोनशे पानी वहीत हे लिहून घेतात, म्हाताऱ्या सांगतात तसे, त्यांच्याच बोलीत. प्रमाण मराठी करायचे नाही एवढा एकच नियम मी घातला आहे. परिचारिका बाईंच्या मुलीचे अक्षर चांगले, म्हणून लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. त्या जागी किती ओळी सोडू, असे तिने मला विचारले. चार सोड, मी म्हणाले. वही विहाराच्या कपाटात असते, किल्ली समितीकडे. मागच्या महिन्यात बाबांनी ती मागून नेली आणि दोन दिवसांनी परत आणून दिली. दोन ठिकाणी तारखा त्यांनी लाल पेनने दुरुस्त केल्या आहेत, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ. कोऱ्या ओळी तशाच आहेत.